पिवळ्या दोरीचा फोटो

माझ्या मोबाईलवर हात ठेवणाऱ्या माणसाला एरवी मी सोडलं नसतं.

तंजावूरच्या हवाई तळावर त्या दिवशी लोकांना विमानं बघायला आत सोडलं होतं. ते गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, गळ्यात जुना कॅमेरा. समोर मांडलेल्या विमानाचे फोटो काढायची मुभा होती, विमानं ठेवायच्या मागच्या हँगरचे काढायला सक्त मनाई. दर फोटोनंतर ते भिंगावर झाकण लावत आणि कॅमेरा पोटाशी धरत.

हँगरपाशी निळ्या गणवेशातली एक मुलगी विमानाच्या चाकाशी वाकली होती. यांची नजर तिथून हलेना.

"आमची लेक," ते आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाले.

मी लगेच मोबाईल उचलला. "काढतो थांबा. कोणाला कळतंय?"

त्यांनी माझ्या मोबाईलच्या भिंगावर तळहात ठेवला. "तिला कळेल. काल तिनंच माझ्याकडून सगळे नियम पाठ म्हणवून घेतले."

मग त्यांनी आपल्या कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि पायापुढं ताणलेल्या पिवळ्या दोरीचा फोटो काढला.

"हा भिंतीवर लावणार," ते म्हणाले. "या दोरीच्या पलीकडं बापाला मनाई आहे. लेक तिथं रोज जाते."