बोंबलाची जोडी

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते उत्तनच्या रोझामावशींचे. त्या मासळी सुकवत. ज्या दिवशी भेटल्या त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलोच होतो.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. उत्तनच्या शाळेत मास्तर होतो. लोकांची मुले माझ्या हाताखाली वाचू लागत, आणि माझी सहा वर्षांची विमल हाकेला ओ देत नव्हती, कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हती. दिवसभर शिंपल्यांच्या रांगा लावी. एक हलला की किंचाळे. मी पाटी दिली, छडीही दिली. अंगारे झाले, गुरुवारचे उपवास झाले. शेवटी थोरल्या भावाने निकाल दिला: पोरीला बाधा आहे, अशांना साखळीने बांधून ठेवतात त्या देवस्थानी सोडून ये. मी कबूल झालो. बैलगाडी यायची त्या सकाळी दत्ताची तसबीर मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. म्हटले, तू माझ्या पोरीकडे पाहत नाहीस, मीही तुझ्याकडे पाहणार नाही.

तेवढ्यात विमल घरातून नाहीशी झाली.

सापडली किनाऱ्यावर, बोंबील सुकवायच्या दोऱ्यांपाशी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगतात. एकटा टिकत नाही, गळून पडतो. विमलच्या हातात एक होता. दुसरा रोझामावशींच्या हातात, आणि त्या तो देत नव्हत्या. विमल दोरीकडे पाही, त्यांच्या हाताकडे पाही. किंचाळली. त्यांनी बोंबील सोडला नाही. अखेर तिने मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिले, आणि बोंबील मिळाला.

मला संतापच आला. "मास्तरची मुलगी बोंबील टांगणार?"

"मग तुमच्या शाळंत काय टांगलं तिनं?" मावशी म्हणाल्या. "येडी न्हाय ती. तुमीच लय बोलता. जावा, दोरी भरायची हाय आमाला."

मी गाडी परत पाठवली. का, ते आजही सांगता येत नाही.

पुढे विमल रोज दोऱ्यांपाशी जाऊ लागली. मावशींनी दुसरा बोंबील हातात देऊन तिच्यासमोर आपली नात उभी केली, मग शेजारची पोरे. विमल थांबायला शिकली, आपली पाळी ओळखायला शिकली. तिचा पहिला शब्द "दे". माझा देवावरचा राग मात्र गेला नाही. तसबीर तशीच राहिली. दोन वर्षांनी घाटावर बदली झाली, तिथून मी हे पत्र पाठवले:

"ती. रोझामावशींस सा. नमस्कार. पत्र नातीकडून वाचून घ्यावे. विमल इथे शेजारच्या मुलीबरोबर चिंचा फोडते. दोन दिवस भांडली, मग थांबू लागली. भाऊ येऊन म्हणाला, देवाची कृपा. मी त्याला म्हटले, तुझी कृपा साखळी घेऊन बसली होती. मला अजून राग येतो, सर्वांत जास्त माझ्या छडीचा. काल उरलेले सामान लावताना तसबीर मी सवयीने भिंतीकडेच वळवली. विमलने ती सरळ केली. मग माझी हनुवटी धरून माझे तोंड तिकडे फिरवले, आणि मी बघेपर्यंत हात काढला नाही. तुमचीच शिकवण.

मी बघितले, मावशी."