थेंबाथेंबाचा नमुना

फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल भरून देणाऱ्या एका कंपनीत कॅस्मिर तुस्कानो चोवीस वर्षं कागद सांभाळतो आहे. मूळचा वसईतल्या गासचा. बुटका, टकला, खिशात कायम एक सहा इंची पट्टी आणि पेन्सिल. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची आणि ओळ पटल्याशिवाय ती खाली सरकवायची नाही, ही त्याची पद्धत. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडताना ज्या वाटाघाटी केल्या, त्यांतून निघालेल्या कराराचा मसुदा या माणसाने त्याच पट्टीने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. त्या करारावर घसा फोडून भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी एवढे कष्ट घेतले असतील, देव जाणे.

त्याला राजकारणाची हौस नव्हती. त्याला मुलगी होती. बायको विल्मा दमणची, आणि तिचे वडील तिथे पोर्तुगीज अमलात जन्मलेले. त्या जन्मनोंदीच्या आधाराने आधी विल्माला आणि मग मरिसाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला. कॅस्मिर आपला भारतीयच राहिला. मरिसाने हॉटेलचं शिक्षण घेतलं ते इंग्लंडला जायचं ठरवूनच. युनियनचा पासपोर्ट असला की तिथे व्हिसा लागत नसे. तिचा पहिला पेपर व्हायच्या आतच तिथल्या लोकांनी सार्वमत घेतलं आणि युनियन सोडायचं ठरवलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

"रडून काय होणार? सोडायचं म्हटलं म्हणजे लगेच सुटत नाही," कॅस्मिर म्हणाला. "आता बसून डॉक्युमेंट करावं लागेल. ते येऊ दे."

ते यायला दोन वर्षं लागली. २०१८ च्या मार्चमध्ये मसुदा बाहेर आला आणि कॅस्मिरने तो ऑफिसात छापून, स्वतःच्या पैशाने बांधून आणला. दोन्ही बाजूंना पटलेला मजकूर त्यात हिरव्या रंगावर छापलेला होता. जिथे भांडण चालू होतं, तो भाग पांढरा. टीव्हीवर माणसं जे एकमेकांच्या अंगावर धावून जात, ते सगळं पांढऱ्या पानांवरून. एकमेकांच्या देशात राहणाऱ्या साध्या माणसांचा भाग मात्र हिरवागार होता.

"तुस्कानो, सिरियसली पोरीला तिकडे पाठवतोयस?" शेजारच्या टेबलावरचा पुण्याचा गुणवंत म्हणाला. "अरे, लोग उधर से भाग रहे हैं."

"तू हेडलाइन वाचतोस. मी हिरवं वाचतो."

हिरव्यात लिहिलं होतं की ठरलेल्या मुदतीच्या, म्हणजे २०२० संपायच्या आत जो तिथे पोचेल आणि पाच वर्षं सलग राहील, त्याला कायमचं राहता येईल. एका वर्षात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं, तर साखळी तुटली. 'सलग' या शब्दाखाली कॅस्मिरने पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली. हा शब्द त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा होता.

जहाजात तेल भरताना नळीला एक बारीक तोटी लावतात. भरणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिच्यातून थेंबथेंब तेल एका भांड्यात पडत राहतं. मग ते बाटल्यांत भरायचं, सील करायचं, लेबल लावायचं आणि वर्षभर कपाटात ठेवायचं. उद्या कुणी तक्रार केली, तर ही बाटली बोलते. एकदम भरून घेतलेली बाटली चालत नाही, कारण लबाडी करणारा ती मध्येच करतो. चोवीस वर्षांत कॅस्मिरने अशा कित्येक बाटल्यांच्या लेबलांवर सही केली आहे आणि त्यातली एकही खोटी नाही.

मरिसा २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या स्विंडनला निघाली, तेव्हा त्याने तिला लोणचं, जपमाळ आणि एक नियम दिला. दर महिन्याला तिचं नाव आणि तारीख असलेला एक कागद पोस्टाने घरी यायला हवा. दवाखान्याची चिठ्ठी, ग्रंथालयाचं पत्र, काहीही. फोटो नको, मूळ कागद हवा.

"पापा, आय अ‍ॅम नॉट डिझेल!" मरिसा म्हणाली.

"डिझेलची लोक जास्त काळजी घेतात. पाठवत जा."

तिने पाठवले. ऑफिसातून टाकून दिलेले बाटल्यांचे रिकामे खोके त्याने घरी आणले होते. त्यांच्या कप्प्यांत महिन्यावार पाकिटं बसू लागली. विल्मा कपाट उघडलं की देवाचं नाव घ्यायची. गुणवंतने त्याला ब्रिटनचा राजदूत अशी पदवी देऊन टाकली आणि ऑफिसात ती चिकटली.

मग २०२० उजाडलं. मार्चच्या दहा तारखेला मरिसा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर फुजैराला आली आणि करोनाने विमानं बंद पडली. तिकडे तिचं हॉटेलही बंद झालं. उन्हाळ्यात विमानं सुरू झाली, पण तिला जायचं नव्हतं. विल्मालाही तिला सोडायचं नव्हतं. सवलत मिळेल, मुदत वाढेल, असं रोज कुणीतरी सांगायचं. कॅस्मिरच्या कॅलेंडरवर मात्र नऊ सप्टेंबरला गोल होता. त्या दिवशी सहा महिने पूर्ण होणार होते.

"अठराशे दिरहम तिकीट! छत्तीस हजार रुपये होतात!" विल्मा कडाडली. "आणि तिकडे तिला काम आहे का? बाप आहेस की कस्टमवाला?"

"आज थांबली तर तिची दीड वर्षं पाण्यात जातील. आणि मुदत संपली की पुन्हा जाताही येणार नाही."

"यू जस्ट वॉन्ट मी आउट," मरिसा म्हणाली. घरातला तो सर्वांत वाईट दिवस. कॅस्मिरने एजंटकडून तिकीट काढलं. सत्तावीस ऑगस्टला त्याने तिला विमानतळावर सोडलं. ती मागे वळून न बघता आत गेली. परतताना त्याला गाडी डोंगरातल्या रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली, कारण समोरचं दिसत नव्हतं.

पुढचे कित्येक महिने ती मोजकं बोलायची. पाकिटं मात्र आली.

पाच वर्षं भरल्यावर, २०२४ च्या फेब्रुवारीत, तिने कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला. तोपर्यंत तिचं कामात बस्तान बसलं होतं, साखरपुडाही ठरला होता. काही दिवसांनी, दुपारी कॅस्मिर ऑफिसात डबा खात असताना तिचा फोन आला. २०२० मध्ये ती नेमकी कधी परतली, याचा पुरावा अर्ज तपासणाऱ्यांनी मागितला होता. विमानतळावर तिचा पासपोर्ट यंत्राने तपासला होता, त्यामुळे शिक्का नव्हता. त्यानंतर सहा महिने ती मैत्रिणीच्या खोलीत राहिली होती आणि एका स्वयंपाकघरात हातावर पैसे घेऊन राबली होती. तिकीट काढून देणारा एजंटही दुकान बंद करून गेला होता.

"पापा, खलास," ती रडत म्हणाली. "देअर इज नथिंग."

गुणवंतने ऐकल्याबरोबर तोडगा काढला. "मैत्रिणीकडून एक बॅक-डेटेड लेटर घे ना. कौन चेक करता है?" त्याला खरोखर मदतच करायची होती.

"सील तोडून वरून तेल ओतलं, तर त्याला नमुना म्हणत नाहीत, गुणवंत," कॅस्मिर म्हणाला आणि अर्धी रजा टाकून घरी गेला.

त्याने खोका खाली काढला. ऑगस्ट २०२०. पाकिटात बोर्डिंग पासचे दोन तुकडे होते, मधोमध रागाने फाडलेले. साडेतीन वर्षांपूर्वी ते हाती आले तेव्हाच त्याने काठाला काठ जुळवून चिकटपट्टी लावली होती. नाव, विमान आणि सत्तावीस ऑगस्ट ही तारीख स्वच्छ वाचता येत होती. पुढच्या कप्प्यांत सप्टेंबरची दवाखान्याची चिठ्ठी, ऑक्टोबरचं ग्रंथालयाचं पत्र, नोव्हेंबरची औषधाची पावती. एकही थेंब चुकला नव्हता.

त्याने एकेका कागदाचा फोटो काढून तिला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"पापा, अँड द बॅक? इज देअर समथिंग ऑन द बॅक?"

कॅस्मिरने पास उलटा केला. तिथे मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'हिअर इज युवर सॅम्पल, पापा. हॅपी नाऊ?' पेन इतकं दाबलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

"मागे कोरं आहे," तो म्हणाला. चोवीस वर्षांत एकाही लेबलावर खोटं न लिहिलेला माणूस. विल्मा दारात उभी होती. तिने पदर नसलेल्या गाऊनच्या बाहीने डोळे टिपले आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

पाच आठवड्यांनी मरिसाचा अर्ज मंजूर झाला. ऑफिसात गुणवंतने सगळ्यांना मिठाई वाटली आणि राजदूत निवृत्त झाल्याचं जाहीर केलं. आता महिन्याचा कागद कुणी मागणार नव्हतं. कॅस्मिरने मरिसाला तसं सांगितलंही. शेवटच्या खोक्यातले तीन कप्पे रिकामे होते, ते त्याने तसेच झाकून ठेवले.

मे महिन्यात पोस्टाच्या पेटीत पाकीट आलं. कॅस्मिरने पट्टीनेच ते फोडलं. आत मंजुरीच्या पत्राची प्रत होती, नाव आणि तारखेसह. त्याने ती सवयीने उलटी केली. मागे मरिसाच्या अक्षरात तेच लिहिलं होतं, 'हिअर इज युवर सॅम्पल, पापा. हॅपी नाऊ?' या वेळी कागदाला भोक पडलेलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" विल्माने आतून विचारलं.

कॅस्मिरने पट्टी ओळीखाली धरली, पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाला, "विचारतेय, खूश आहात का. तिला लिही, हो म्हणावं."