तीन नंबरच्या कॉटवरचा मुडा

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण निदान चहा संपेपर्यंत तरी थांबा. माझ्या शहाणपणाची ही गोष्ट अख्ख्या सासरवाडीला पाठ आहे, मग तुमच्यापासून काय लपवायची?

तेव्हा मी रांजणगावला एका कंपनीत सुपरवायझर होतो. कंपनीनं आम्हाला जपानी पद्धतीचं पाच दिवसांचं ट्रेनिंग दिलं. पाच दिवसांत माणूस धड सायकल शिकत नाही, मी मात्र थेट जपानी झालो! त्यातला एक शब्द डोक्यात पक्का बसला. मुडा. म्हणजे जे जे वाया जातं ते. उगाच चालणं मुडा, नुसतं ताटकळणं मुडा, विनाकारण साठवलेलं सामान मुडा. घरी बायकोच्या मिसळणाच्या डब्यातसुद्धा मी मुडा शोधला. त्यानंतर दोन दिवस बाहेर जेवलो, ते जाऊ द्या.

माझे सासरे केडगावच्या पलीकडचे बागायतदार. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या लेखी आमची कंपनी म्हणजे झाडू मारायची नोकरी. "काय जावईबापू, आज किती झाडलंत?" असं चारचौघांत विचारायचे! बारा वर्षं ऐकून घेतलं. एकदा तरी या माणसाच्या तोंडून 'वा, जावईबापू!' ऐकायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि देवानं संधी दिली. मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दौंडच्या एका लहानशा दवाखान्यात. मी रजा टाकून सेवेला हजर. सेवा कसली, आल्या आल्या सिस्टरची पावलं मोजायला लागलो! मामा दाराजवळ तीन नंबरच्या कॉटवर, आणि ड्रेसिंगची खोली पार आत, दुसऱ्या टोकाला. डॉक्टरांना गाठलं.

"डॉक्टर, तुमच्याकडं मुडा फार आहे हो."

डॉक्टरांच्या मागं ओपीडीची ही गर्दी. ते बिचारे म्हणाले, "काय करायचं ते करा. फक्त सिस्टरला विचारून करा."

झालं! माकडाच्या हाती कोलीत. दाराशी फळा होता, त्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'कॉट नं. ३ : मुडा. आजच हलवणे.' सिस्टरला विचारलं, तिनं मान डोलवली, आणि आम्ही दोघांनी मामांना आतल्या खोलीत, ड्रेसिंगशेजारी नऊ नंबरला नेलं. औषधानं ते तिथं गाढ झोपले. तीन नंबरची गादी मी गुंडाळून ठेवली. कंपनीत असतात तसे जमिनीवर पट्टे मारायचे तेवढे राहिले होते, म्हणून पिवळा रंग आणायला बाजारात गेलो.

चार नंबरवर एक रिटायर्ड गुरुजी होते. डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा मात्र खडूसाठी मोकळा! आयुष्यभर शुद्धलेखन तपासलेला माणूस. 'मुडा' असा शब्द मराठीत असतो होय? गुरुजी उठले आणि चूक दुरुस्त करून आले. मधे फक्त एक 'द' घातला.

'कॉट नं. ३ : मुडदा. आजच हलवणे.'

नेमका तेव्हाच माझा मेव्हणा डबा घेऊन आला. फळा वाचला. गुंडाळलेली गादी बघितली. कापऱ्या आवाजात विचारलं, "गुरुजी, हितं माझं वडील व्हतं..."

"त्यांना मघाशीच नेलं की. जावयानं नेलं."

मेव्हणा तडक एसटीडी बूथवर.

हवा तसा पिवळा शोधण्यात दोन तास गेले. मी रंगाचा डबा घेऊन परत येतो तर दवाखान्यासमोर टेम्पो! त्यात तिरडीचे कळक, कडबा, मडकं, आणि निम्मं गाव. मामांची बहीण पायरीवर ऊर बडवतेय. "माझा दादा कुठं नेला रं?"

मला वाटलं, कॉट रिकामी दिसली म्हणून घाबरल्या. मी चक्क हसलो!

"अहो आत्याबाई, मुडा हलवला मी. नऊ नंबरला!"

"ऐका! मुडदा म्हणतोय, आन् हसतोय!"

"मग? सिस्टरची किती पावलं वाचली! दहा मिनिटांत हलवला, कुणाला पत्ता न्हाई."

मेव्हण्यानं माझी कॉलर धरली. झटापटीत डबा सांडला आणि मी कमरेपासून खाली पिवळा.

त्या कालव्यानं मामा जागे झाले. टाक्यांवर हात धरून, भिंतीच्या आधारानं बाहेर आले. "कोण गेलं रं?"

टेम्पोवाला चाचरत म्हणाला, "तुम्हीच की, आप्पा."

आत्याबाईंनी मामांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. मामा शांतपणे खुर्चीवर बसले. फळा वाचला. गुरुजी अभिमानानं म्हणाले, "'द' राहिला होता, मी घातला."

मामा माझ्याकडं वळले. "जावईबापू, मुडा म्हंजी काय वो?"

"मामा, ज्याचा उपयोग काही न्हाई, नुसती जागा अडवतं, ते."

मामांनी मला पिवळ्या पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"वा, जावईबापू!" म्हणाले. "पोरीच्या लग्नाआधी कळला असता ह्यो शब्द, तर लई बरं झालं असतं."

बारा वर्षांनी 'वा' मिळाली, बघा!

टेम्पोवाला डोकं खाजवत म्हणाला, "मग मी मोकळाच जाऊ व्हय माघारी?"

"मोकळा कशाला?" मामा म्हणाले. "वाया जाणं जावईबापूंना चालत न्हाई. त्यांनाच घाला मागं."

आणि घातलं हो! केडगावपर्यंत मी त्या कळकांशेजारी, मांडीवर मडकं धरून. रस्त्यानं माणसं टेम्पो बघून हात जोडायची. मी जावई माणूस, रीत कशी सोडणार? मीही आतून नमस्कार करत गेलो.