वणवा आणि तुळसाचं धुणं

करंजमाळच्या तुळसा परटिणीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, कपडे राहत. रस्त्यात कोणी हाक मारली की ती आधी त्याच्या धोतराचा काठ बघायची, मग सदऱ्याची कॉलर, आणि मग कुठे तिच्या तोंडावर ओळखीचं हसू यायचं. एकदा देवळात नवंकोरं उपरणं पांघरून आलेल्या सख्ख्या दिराला तिने "पावणं कोणाकडचं?" म्हणून विचारलं होतं. दीर त्यावर वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तुळसाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण वर्षभर त्याने धुणंही टाकलं नव्हतं.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कोणता कपडा कोणाचा हे कळावं म्हणून ती बिब्ब्याच्या तेलाने कपड्याच्या कोपऱ्यात खूण करायची. दुसरे परीट ठिपके नि रेघा काढत, तुळसा चित्रं काढायची. ज्याच्याविषयी तिचं जे मत, ते त्याच्या कपड्यावर उतरायचं. डाकवाल्याला पाऊल, भटजींना लाडू, वैद्यबुवांना माशी. चित्रं इतकी बारीक असत की ज्याची त्याला कधी दिसली नाहीत.

दापोलीच्या पुढे, आंजर्ल्याच्या वरच्या अंगाला हे करंजमाळ. गाव उंचावर, हवा गार, समोर समुद्र दिसतो. त्यामुळे मुंबईची मंडळी दर उन्हाळ्यात तिथे हवा पालटायला यायची. आगबोटीने हर्णैला उतरायचं आणि रमजानच्या बैलांच्या दमणीत बसून वर यायचं. गावातली घरं कौलारू होती, पण पाहुण्यांना गवती छपराची फार हौस. म्हणून त्यांच्यासाठी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने पंधरा बंगल्या उभ्या केलेल्या, साऱ्या गवताने शाकारलेल्या. पऱ्याच्या पलीकडे वाघजाईचा डोंगर आणि त्यावरचं दाट रान. उन्हाळ्यात पऱ्या आटून त्याचा एकच कोंड उरायचा, गुडघाभर पाण्याचा. त्या कोंडावर तुळसाचा दगड होता, आणि दगडावर दुसऱ्या कोणाची सत्ता चालत नसे.

गावाला आगीची काळजी नव्हती असं नाही. कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालेल्या आप्पांनी आग निवारण मंडळ काढलं होतं आणि मुंबईच्या कुठल्याशा गिरणीतला जुना हातबंब आणून ठेवला होता. दर दसऱ्याला त्याला तांबडा रंग लागायचा, झेंडूची माळ पडायची. आठ वर्षांत रंगाचे थर इतके चढले होते की बंब आणला तेव्हापेक्षा चांगलाच जाडजूड दिसू लागला होता.

तेहतीस सालच्या एप्रिलात वाघजाईच्या माथ्यावर वणवा लागला. कसा लागला ते कळलं नाही. संध्याकाळी डोंगरावर नारिंगी रेघ दिसू लागली आणि पाहुण्यांनी बंगल्यांतून खुर्च्या बाहेर काढल्या. कोकमाचं सरबत फिरलं. कोणी दुर्बीण आणली. त्या खेपेला अकरा ट्रंका घेऊन आलेल्या दमयंतीबाई मधल्या खुर्चीत बसल्या. त्यांचे यजमान मुंबईचे मोठे सॉलिसिटर, ते मागे उभे.

"काय हो, हे रोज असतं का?" दमयंतीबाईंनी रमजानला विचारलं.

"रोज नसतं, बाईसाहेब."

"मग उद्या ठेवा. उद्या माझी नणंद यायचीय."

रमजान डोंगराकडे बघत होता. "ठेवायला नको. आता खारा वारा हाय, समुद्रावरचा, तो आगीला वर ढकलतोय. पहाटे मतलई सुटेल जमिनीवरून. मग ती आपल्या पायांनी खाली येईल."

आप्पांनी हे ऐकलं आणि घसा साफ केला. "डोंगर मंडळाच्या हद्दीबाहेर आहे. तरी उद्या नऊ वाजता सभा भरवू."

तुळसा तेव्हा बंगल्याबंगल्यातून धुणं गोळा करत हिंडत होती. तिनेही वणवा बघितला, पण तिला वेगळीच चिंता. राख उडाली तर वाळत घातलेली पांढरी पातळं काळी पडणार. म्हणून तिने ठरवलं, उद्या उजाडतानाच सगळं धुऊन काढायचं.

मतलई सुटली आणि आगीने सभेची वाट बघितली नाही. तुळसाने पंधरा बंगल्यांचं आणि अर्ध्या गावाचं धुणं कोंडात भिजत घातलं होतं, कोट, धोतरं, पातळं, पलंगपोस, चादरी, दोन सतरंज्या. दगडावर पहिला कोट आपटला तेव्हा तिला धुराचा वास आला. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा रानडुकरांचा एक कळप तिच्या शेजारून पऱ्या ओलांडून गावात शिरला. तिने मान वर केली. करवंदीच्या जाळ्या तडतडत होत्या आणि आग उताराच्या वाळल्या गवतातून चालत येत होती, घाई नसलेल्या माणसासारखी.

तिने हाळी दिली. तिचा आवाज असा की एरवी त्या हाळीने आंजर्ल्याच्या खाडीतले लोक वर बघत. बंगल्यांची दारं उघडली. सॉलिसिटर रेशमी झग्यात, दमयंतीबाई केसांना तेल चोपडलेल्या, कोणाच्या एका गालाला साबण. पाठोपाठ गाव धावलं; आप्पा आणि मंडळाचे चार सभासद बंब ओढत आले. बंब कोंडापाशी उभा केला, दोघे दांड्याला लागले, आणि मग लक्षात आलं की पाणी बाहेर काढायची नळीच नाही.

नळी चामड्याची होती. दोन वर्षांपूर्वी ती शिवायला म्हणून चांभाराकडे गेली होती. चांभाराने आठ महिने वाट बघितली, कोणी न्यायला येईना, तेव्हा तिच्या वहाणा केल्या. चांगल्या टिकाऊ झाल्या होत्या, गावात पुष्कळांनी घेतल्या. आप्पांनी खाली बघितलं. त्यांच्या पायांत त्यातल्याच होत्या.

"बादल्या आणा," आप्पा म्हणाले. बादल्या आल्या, पण पळणारा माणूस आगीपाशी पोचेपर्यंत पाणी त्याच्याच धोतरावर सांडलेलं असायचं. तेव्हा सॉलिसिटरांना एक सुचलं. ते कोंडात उतरले आणि त्यांनी एक ओली सतरंजी उचलली.

तुळसाने एका हाताने ती त्यांच्याकडून काढून कोंडात टाकली; दुसऱ्या हातात धुवायला घेतलेला कपडा तसाच होता. "ठेवा ती. अजून खंगाळायची हाय."

"अहो, आग आलीय."

"आली तर आली. माझ्या भिजल्या धुण्याला मी कोणाला हात लावू देत नाय."

तीस वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. नवऱ्यासाठी नाही की सासूसाठी नाही. पण ती बोलत असतानाच एक पेटतं पान तरंगत आलं आणि दमयंतीबाईंच्या बंगलीच्या छपराच्या पाकाडीवर, अगदी हाताच्या उंचीवर टेकलं. गवत पेटलं. तुळसा धावली आणि हातात होतं ते पाकाडीवर मारलं. चर्र झालं, वाफ निघाली, आग विझली. मग तिने हातातली वस्तू बघितली. तो सॉलिसिटरांचा कोर्टात जायचा काळा कोट होता आणि त्याच्या पाठीला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

तिने त्या भोकातून बोट आरपार घालून बघितलं. मग म्हणाली, "बरं. घ्या. पण आपापलंच घ्यायचं. दुसऱ्याच्या कपड्याला हात लावायचा नाय."

आणि साठ हातांवर आग असताना तिने धुणं वाटायला घेतलं. एकेक कपडा उचलायचा, कोपरा डोळ्यांपाशी न्यायचा, चित्र बघायचं, हाक मारायची. "पाऊल कोणाचं? डाकवाले, तुमचं. लाडू, भटजी, हे घ्या धोतर. माशी, वैद्यबुवा."

"माशी?" वैद्यबुवा म्हणाले.

"नंतर बोला. गोगलगाय. गोगलगाय कोणाची?" कोणी पुढे येईना. तुळसाने पलंगपोस दमयंतीबाईंच्या हातात दिला.

दमयंतीबाईंनी कोपरा बघितला. "आमची खूण गोगलगाय?"

"अकरा ट्रंका घेऊन आलाव, म्हणून. पायजेल तर बदलीन."

दमयंतीबाईंनी पलंगपोस खांद्यावर टाकला, पदर खोचला आणि त्या सगळ्यांच्या आधी आगीपाशी पोचल्या. गोगलगाईचं उत्तर त्यांनी असं दिलं, हे पुढे त्या स्वतःच सांगत.

तुळसा आपली एक चादर घेऊन पऱ्याच्या वरच्या अंगाला गेली आणि तिने आगीला धुवायला सुरुवात केली. म्हणजे तिला एकच रीत ठाऊक होती. चादर डोक्यावरून फिरवायची आणि दणकन आपटायची. ठिणग्यांचा एक फवारा उडाला, तिच्या डोक्यावरून मागे गेला आणि मागची करवंदीची जाळी पेटली. तिने वळून त्या जाळीला आपटलं. तिसरीच जाळी पेटली. थोड्या वेळात तुळसाने एकटीने तीन नवे वणवे लावले होते.

रमजान ऐनाच्या ओल्या डहाळ्या तोडून आणत होता. तो धावत तिच्याकडे आला. "तुळसाबाय, आपटू नको. दाब. झोपल्या माणसावर पांघरूण घालतात ना, तसं घाल."

"मला दाबता येत नाय," तुळसा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. तीस वर्षं तिने फक्त आपटलं होतं. पण तिने चादर हळूच आगीवर पसरली, वरून पायाने चेपली, आणि खालची आग गप्प झाली. दुसऱ्या खेपेला तिने ओठ चावून धरले, तिसऱ्या खेपेला हात आपोआप वर गेले ते तिने खाली आणले. मग तीच रांगेवरून ओरडत फिरू लागली, "आपटू नका कोण. पांघरूण घाला." सॉलिसिटर आपला कोट आगीवर इतक्या हळुवार घालत होते की रमजानला त्यांना सांगावं लागलं, जरा दाबा, लाजू नका.

कोंडात मात्र एक माणूस हवा होता, सुकलेले कपडे परत बुचकळून द्यायला. तिथे आप्पा उतरले. वहाणा काठावर काढून ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि निवृत्त नाझर परटाच्या दगडाशी उभे राहिले. फक्त सवयीने ते प्रत्येक कपडा नीट पिळून देत.

"आप्पा, पिळू नका," तुळसा तिकडून ओरडली. "पाणीच पायजेल."

"हो, हो," आप्पा म्हणाले, आणि पुढचं पातळ पिळून दिलं.

दुपार कलायच्या आधी समुद्रावरून खारा वारा आला. आगीने पाठ फिरवली, परत डोंगराकडे निघाली, पण तिकडचं गवत तिने सकाळीच खाल्लेलं होतं. ती थोडी घुटमळली आणि विझली. पंधराच्या पंधरा बंगल्या उभ्या होत्या. एकच छप्पर गेलं, बंब ठेवायच्या खोपीचं.

माणसं पऱ्याच्या काठाने बसली. सगळ्यांची तोंडं काळी, एकसारखी, त्यामुळे कोणीच कोणाला ओळखेना. तुळसा एकटी प्रत्येकाला हाक मारून पाणी देत होती. तिला कपडे दिसत होते ना.

त्या संध्याकाळी नणंद आली. अकरा ट्रंकांतलंही सगळं शेवटी आगीवर गेलं होतं, म्हणून तिच्या स्वागताला दमयंतीबाई रमजानच्या बायकोचं, साबेराचं, लुगडं नेसून उभ्या होत्या आणि सॉलिसिटर रमजानच्या लुंगीत. लुंगी कमरेला टिकत नव्हती म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडलेच नाहीत. नणंदेने इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "वणवा कुठाय? हर्णैला उतरले तेव्हा लोक सांगत होते ना, इथून दिसतो म्हणून?"

तुळसाने चार दिवस दगड सोडला नाही. जेवढं वाचलं होतं तेवढं तिने धुतलं, नीळ दिली, खळ घातली, कडक इस्त्री केली, घड्या घातल्या आणि घरोघर पोचतं केलं. दमयंतीबाईंनी पलंगपोस उलगडला तेव्हा मध्यभागातून त्यांना पलीकडचा समुद्र दिसला.

"तुळसा, हे काय गं?"

"डाग असता तर काढला असता, बाईसाहेब," तुळसा अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "हे भोक हाय. ह्याच्यावर माझा इलाज नाय."

दमयंतीबाई आधी हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग परत हसल्या. जाताना त्यांनी तो पलंगपोस बाराव्या गाठोड्यात बांधून मुंबईला नेला. सॉलिसिटर तो कोट घालून कोर्टात गेले आणि विचारील त्याला पाठ वळवून दाखवत, असं म्हणतात. मंडळाने तुळसाला सभासद करून घेतलं. ती एका सभेला गेली. दोन तास ठराव ऐकले आणि उठताना म्हणाली, सगळ्यांची उपरणी मळलीत, उद्या टाका.

तुळसाचा नवरा विठू मुंबईच्या गोदीत होता. त्याच्यापर्यंत बातमी तोंडातोंडी पोचली आणि पोचेपर्यंत तिने बरीच वळणं घेतली. त्याला सांगण्यात आलं की तुझ्या बायकोने गावाचे कपडे जाळले, तीन ठिकाणी आग लावली आणि सॉलिसिटराने तिच्यावर कोट टाकला. विठू पहिल्या बोटीने आला, रात्रभर डोळा न मिटता. घाट चढून घामाघूम होऊन दारात उभा राहिला तर तुळसा ओसरीवर इस्त्री करत होती. तिने आधी त्याची बंडी बघितली, मग त्याला ओळखलं.

"आलाव? बरं झालं. जरा कोळसे फोडून द्या."

तो पंधरा दिवस राहिला. गावात बसून त्याने सगळी हकीकत दहा जणांकडून ऐकली आणि मग अकराव्याला स्वतः सांगू लागला. आठव्या दिवसापर्यंत तो वणव्याच्या वेळी पऱ्याच्या काठावर होता. बाराव्या दिवशी त्याच्या हातात सतरंजी आली. रमजान ऐकायचा आणि बैलांच्या पाठी खाजवायचा. तुळसाला कोणीतरी सांगितलं की तुझा नवरा असं असं सांगत सुटलाय.

"सांगू दे," ती म्हणाली. "एवढ्या लांबून धावत आला होता ना."

विठूच्या परतायच्या दिवशी तिने त्याची बंडी इस्त्रीला घेतली. इस्त्री खांद्यावर टेकवली आणि जरा जास्तच वेळ ठेवली. धूर निघाला तशी तिने ती उचलली, भोक नीट बघितलं, कडा बोटाने सारखी केली, आणि बंडीची घडी घालून ती त्याच्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

"मुंबईत दाखवायला काय तरी हवं," ती म्हणाली आणि दारात आलेल्या पाहुण्याच्या धोतराकडे बघून तो कोण ते आठवू लागली.