जपानला जाताना कपाटाचं काय

नवऱ्याला जपानला पाठवायचं त्याच्या कारखान्याने ठरवलं, तेव्हा वाशीतल्या आमच्या इमारतीत जपान पाहिलेला एकच माणूस होता. तळमजल्यावरचे काका तरुणपणी मालवाहू बोटीवर नोकरीला होते. ती बोट एकदा कोबेच्या बंदरात दुरुस्तीला थांबली होती आणि तेवढ्यात काकांचा जपानचा अभ्यास पूर्ण झाला होता. तिकडची घरं कागदाची, भिंतीला खिळा ठोकता येत नाही, तेव्हा देवाची तसबीर नेऊ नका, असं त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं. मग तिकडे मीठ मिळत नाही, सोबत न्या, हे सांगायला ते पुन्हा आले. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या वसाहतीतून चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ न्यायचं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं नाही. मी मुकाट्याने बरणीभर खडेमीठ बांधून ठेवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या रसायनांच्या कारखान्यात जपानी यंत्रं आली होती आणि ती शिकून घ्यायला नवऱ्याला तीन वर्षांसाठी तिकडे जायचं होतं. बायको-मुलांना नेता येणार होतं. म्हणजे तो, मी आणि आमची लहान मुलगी. सामानासाठी कंपनी एक लाकडी खोका बोटीने पाठवणार होती. त्या खोक्यात जे मावेल ते आमचं, बाकी संसाराचं काय करायचं ते आम्ही बघायचं होतं.

आम्हाला बघावंच लागलं नाही. आमच्याकडे वस्तू 'बोलून ठेवतात'. त्याची एक पद्धत आहे. आधी अभिनंदन करायला यायचं. बसायचं, चहा घ्यायचा. चहा घेता घेता एखाद्या वस्तूकडे टक लावून बघायचं. मग उसासा टाकून म्हणायचं, "हे एवढं कुठं नेणार तुम्ही?" यजमानाने म्हणायचं, "तेच तर." झालं, वस्तू बोलली गेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फ्रीज असाच बोलला. समोरच्या बिऱ्हाडाने गॅस बोलला, आणि ज्या काळात गॅसच्या नंबरासाठी लोक वर्षानुवर्षं थांबत, त्या काळात ते डोळ्यांत पाणी आणून बोलले. एका वहिनींनी तर माझी स्टीलची पातेलीसुद्धा बोलून ठेवली. पातेल्यांवर माझं नाव कोरलेलं आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "मग तर तुमचीच राहिली की."

बदल्यात लोक आम्हाला जेवायला बोलवत. तिकडे मिळणार नाही म्हणून वाढत आणि तिकडे मिळणार नाही म्हणून भेटी देत. बहुतेकांना तिकडे पोळपाट-लाटणंच मिळणार नाही असं वाटलं असावं. इतकी लाटणी जमली, की मला त्यांचीच भीती वाटू लागली. घरातल्या बारीकसारीक वस्तूलाही वारस ठरला होता.

ठरलं नव्हतं ते एकच. सासूबाई कुठे राहणार?

सासूबाई मूळच्या इथल्या. मी देशावरची. खाडी मी लग्नानंतर पाहिली. त्यांचं गाव नेरूळच्या अलीकडे. शेतं आणि मिठागर शहरासाठी गेली, गावठाण तेवढं राहिलं. गावठाणातल्या घरात माझे मोठे दीर आणि जाऊबाई राहत. घराचे दोन भाग पाडून एक त्यांनी भाड्याने दिला होता, म्हणून सासूबाई आमच्याकडे असत. कंपनीच्या तिकिटांत आई बसत नाही, हे नवऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईला ते माहीत नव्हतं. निदान आमचा तसा समज होता.

"आईंना सांगा," मी म्हणायचे.

"सांगतो. योग्य वेळ येऊ दे," नवरा म्हणायचा.

त्याची योग्य वेळ आमच्या रस्त्यावरच्या बससारखी होती. येणार, हे नक्की. दिसत मात्र नसे. दिरांना वाटे धाकटा काहीतरी व्यवस्था करेल, याला वाटे आई अर्थातच थोरल्याकडे जाईल, आणि दोघंही एकमेकांशी फक्त पासपोर्टाबद्दल बोलत. दोन धडधाकट भाऊ आईचा विषय असा चुकवत होते, की मला संताप यायचा. कारखान्यात हा माणूस तापलेल्या टाक्यांच्या झडपा उघडायचा आणि घरात एक वाक्य उघडायला घाबरायचा.

सासूबाई मात्र तयारीला लागल्या होत्या. त्यांनी बाजारातून बोंबील आणि जवळा आणला आणि इमारतीच्या गच्चीवर वाळत घातला. सोसायटीचे सेक्रेटरी नाक दाबून वर आले. "आजी, वासाची कंप्लेंट आहे."

"वास जातो वाऱ्यावर," सासूबाई म्हणाल्या. "तुमी कशाला चार जिनं चढलाव?"

सेक्रेटरी गेले. जवळा वाळला. त्यांनी तो पत्र्याच्या डब्यात दाबून भरला, झाकणाला कणीक लावून बंद केला आणि खोक्यात स्वतःच्या हाताने ठेवला. मासळीबाजारातल्या बायका त्यांना विचारत, "तू पन चाललीस काय गो?" त्या नुसतं म्हणत, "बगू." ते ऐकून मला भरून यायचं. मी घरी येऊन नवऱ्यावर डाफरायचे. तो म्हणायचा, "या रविवारी नक्की."

त्या रविवारी दीर आणि जाऊबाई आले. कपाट बघायला. आमच्या लग्नातलं ते लोखंडी कपाट, आरशाचं, आणि जाऊबाईंनी ते सगळ्यांच्या आधी बोलून ठेवलं होतं. दिरांनी खिशातून सुतळी काढली. घरी भिंतीच्या कोपऱ्याचं माप घेऊन त्यांनी तिला गाठ मारून आणली होती. ती त्यांनी कपाटाच्या पाठीला लावली, ताणली, डोळा बारीक करून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"बराब्बर बसतंय," ते म्हणाले. "त्या कोपऱ्याला दुसरं कायच उपयोगी नाय."

सासूबाई जमिनीवर भिंतीला टेकून चहा पीत होत्या. कप खाली ठेवून त्यांनी अगदी सहज विचारलं, "कपाट ह्याला दिलं. फ्रीज खालच्या बायला. गॅस समोरच्यांना. आनि मना कोनाला दिली?"

दिरांच्या हातात सुतळी तशीच ताणलेली राहिली.

"जमीन घेतली तवा पन सायेब आलते," त्या पुढे म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आंगनात बसलं, च्या प्यायलं, न् बांधाकडं बगत ऱ्हायलं. तवाच मना समजलं, गेली. कोन च्या पिताना कशाकडं बगतो, ते मना कळतं. माज्याकडं कोन बगलाच नाय."

"आये, असं काय बोलतेस?" दीर कळवळून म्हणाले. त्यांचा कळवळा खोटा नव्हता, एवढं मी मान्य करते. "तू माज्याकडंच येनार ना."

"कुठं? कोपऱ्यात तं कपाट येतंय."

"कपाट पडवीत ठेवू," जाऊबाई चटकन म्हणाल्या.

"पडवीत कसं? खारा वारा लागतो," दीर म्हणाले. "लोखंड हाय. गंज चढल."

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांना त्याचा अर्थ कळला. कोपरा कपाटाला दिला, की पडवी कोणाला उरते, ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं. जाऊबाईंनी पदर सावरला. मी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांची त्याची योग्य वेळ अशी येऊन ठेपली होती.

"आये," तो म्हणाला, "कंपनी तिकीट फक्त आमचंच..."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. ह्या घराच्या भिंती काय जाड हायेत? तू रोज राती हिला सांगतोस, सांगतो सांगतो. मना बगायचं होतं, कोन पयला सांगतो." त्यांनी आळीपाळीने दोघा मुलांकडे पाहिलं. "कोनीच नाय."

म्हणजे तो जवळ्याचा डबा त्यांनी स्वतःसाठी भरला नव्हता. तो आमच्यासाठी होता, नातीला जवळा आवडतो म्हणून. हे मला तेव्हा कळलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण दिरांसमोर रडायची माझी इच्छा नव्हती.

बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला. "हे घर कोनाला दिलं?"

नवरा चाचरला. घर त्याने ऑफिसातल्या एकाला भाड्याने द्यायचं कबूल केलं होतं.

"त्याला नाय म्हनून सांग. मी हितंच ऱ्हानार."

"एकटी?"

"माज्यावर गंज चढत नाय," सासूबाई म्हणाल्या.

मी डोळे पुसून बाहेर आले आणि म्हटलं, "बरोबर आहे आईंचं." इतक्या दिवसांत त्या घरात कोणी सरळ बोललं असेल, तर ते आम्ही दोघी.

दीर कपाट न नेताच निघाले, तर सासूबाईंनीच त्यांना थांबवलं. दिलं म्हणजे दिलं, ने. खालच्या बाईंनी फ्रीज नेला, समोरच्यांनी गॅस. पातेली नेताना वहिनी म्हणाल्या, "आजी, तुम्हाला एकटीला असं कितीसं लागणार?" सासूबाई हसल्या फक्त. आम्ही विमानाला निघालो, तेव्हा घरात एक गादी, रॉकेलचा स्टोव्ह, तुळशीची कुंडी आणि ढीगभर लाटणी होती. सासूबाईंनी नातीच्या गालावरून हात फिरवला आणि आम्ही जिना उतरायच्या आत दार लावून घेतलं.

जपानबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. घरं कागदाची नव्हती. मीठ मिळत होतं. जवळासुद्धा मिळत होता, आणि आमचा डबा उघडला तेव्हा शेजारणीने वास घेऊन आनंदाने एक टाळी वाजवली होती.

तीन वर्षांनी परतलो. टॅक्सीने खाडीपूल ओलांडला. दार सासूबाईंनीच उघडलं. आत पाऊल टाकलं आणि मी उभीच राहिले. फ्रीज जागेवर होता. गॅस होता. फळीवर माझ्या नावाची पातेली ओळीने लावलेली होती. आणि आतल्या खोलीत, आरशाला हळद-कुंकवाची बोटं लागलेलं, आमचं कपाट.

हे कसं झालं ते तळमजल्यावरच्या काकांनी नंतर सांगितलं. आजी आठवड्यातून एखाद्या घरी जायच्या. बसायच्या, चहा घ्यायच्या. चहा घेता घेता वस्तूकडे बघायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत. पुढच्या आठवड्यात परत जायच्या. पहिला फ्रीज आला. कपाट शेवटी आलं, दिरांनीच हातगाडीवरून आणलं म्हणे, आणि त्या दिवसापासून दीर दर रविवारी आईकडे येऊन बसू लागले.

हे ऐकायच्या आधीची, आम्ही दारात उभे होतो तेव्हाची गोष्ट राहिली. सासूबाईंनी आमच्या पायांवर पाणी घातलं, नातीला जवळ घेतलं, आम्हाला बसवलं, चहा दिला. मग आमच्या बॅगांकडे बघत त्यांनी विचारलं, "किती दिस ऱ्हानार?"

त्यात टोमणा नव्हता. आल्या पाहुण्याला विचारतात तसं विचारलं. नवऱ्याचा कप हातातच राहिला.

"आये, आता कायमचेच आलो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. "बसा. कोपरा बगते."