पाणी आमचं, टाकी त्यांची

माझ्या सासऱ्यांच्या बोटीवर बाईने पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. बोटीला लागणारं गोडं पाणी मात्र बायकांनीच भरायचं. सासूबाई आणि मी विहिरीवरून डोक्यावर हंडे घेऊन पाचूबंदरच्या किनाऱ्यावर जायचो, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ते वर द्यायचो आणि खलाशी ते बोटीच्या पोटातल्या लाकडी टाकीत ओतायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला यात काही वेगळं वाटलं नाही. माहेरीही तसंच चालायचं.

सत्तर सालानंतरचे ते दिवस. किनाऱ्यावरच्या बऱ्याच बोटींना मशीन बसलं होतं. आमची अजून शिडावरच चालायची. वारा पडला की समुद्रात तिथल्या तिथे डोलत राहायची, आणि तोवर सगळ्यांना त्या टाकीतल्याच पाण्यावर दिवस काढावे लागायचे.

एका हिवाळ्यात माझा नवरा बोटीवरून उतरला तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. जुलाबाने पार गळून गेला होता. बरोबरच्या दोन खलाशांचीही तीच गत. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, पिण्याचं पाणी बघा.

सासरे बोटीचे मालक आणि ती हाकणारे तांडेलही. संध्याकाळी ओट्यावर बसून चार माणसांदेखत म्हणाले, "बायकांनी कसलं पानी भरलं कोन जाने. हंडे तरी घासतात का नाय?"

सासूबाई उठून चुलीकडे गेल्या. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. त्याच विहिरीचं पाणी घरात सगळे पीत होतो, माझी रांगती मुलगीसुद्धा. आजारी पडले होते ते फक्त बोटीवरचे.

"बाबा, पानी आमचं, पन टाकी तुमची," मी म्हणाले. "ती आतून कधी घासली?"

सासरे माझ्याकडे वळले.

"दर साली धुतो. वरून पानी मारतो."

"आत उतरून?"

"आत कोन उतरनार? तोंड एवढंसं. माझे खांदे जातील काय त्यातून?"

"माझे जातील."

ते उठून आत निघून गेले.

भांगाचे दिवस होते. तेव्हा पाण्याला ओढ नसते, म्हणून जाळी टाकत नाहीत. बोट किनाऱ्यालाच होती. मी चुना, नारळाची सोडणं आणि बालदी गोळा केली. नवरा खाटेवरून म्हणाला, "जाऊ नको. बापूस घरातून काढील."

"काढू दे. पन तू आता त्या टाकीतलं पानी प्यायचं नाय."

सकाळी किनाऱ्यावर गेले, तर बोटीला लावलेल्या फळीपाशी सासरे उभे. आजूबाजूला जाळी शिवणारी माणसं हात थांबवून बघू लागली.

"मागे फिर," ते म्हणाले. "बोट बाटवतेस?"

"तुमचा पोरगा मरायला टेकला होता, बाबा. बोट त्याच्याहून मोठी काय?"

मी त्यांच्या बाजूने फळीवर चढले. कोणी अडवायच्या आत भराभर चालले. वर पोचून वळून पाहिलं, तर मागून सासूबाई येत होत्या, हातात कंदील. सासऱ्यांकडे न बघता त्या म्हणाल्या, "आत काळोख असेल. मी उजेड धरते." इतक्या वर्षांत त्यांनीही त्या फळीवर पाय ठेवला नव्हता.

झाकण काढलं तसा कुबट वास नाकात गेला. उरलंसुरलं पाणी उपसलं, हवा जाऊ दिली आणि मी अंग चोरून आत उतरले. भिंती बुळबुळीत, तळाशी राखाडी गाळ. सोडणाने घासत गेले तशा फळ्या दिसू लागल्या, आणि खालच्या कोपऱ्यात एक सांधा उघडा दिसला. त्यातून काळं पाणी झिरपत होतं. बोटाला लावून हुंगलं. मासळी धुतलेलं घाण पाणी शेजारच्या खणातून सरळ आमच्या गोड्या पाण्यात येत होतं.

"फट आहे!" मी आतून ओरडले.

वरून सासऱ्यांचा आवाज आला, "कुठल्या बाजूला?"

त्याच दिवशी त्यांनी सुतार बोलावला आणि सांध्यात कापूस ठासून राळ लावून घेतली. त्यानंतर मी चुना लावून टाकी पुन्हा धुतली, पाण्यातली चुन्याची चव जाईपर्यंत.

पुढच्या फेरीला मासळी कमी आली. झालं! बायका चढल्या म्हणून दर्या रुसला, असं सगळीकडे सुरू झालं. सासऱ्यांनी चर्चमधल्या फादरना बोलावून बोटीवर आशीर्वाद मागितला. त्या प्रार्थनेला मीही सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. एकीने विचारलं, "लाज नाय वाटत?" मी म्हटलं, "मासळी कमी मिळाली, मान्य. पन कोनाचं पोट दुखलं काय?" खरंच, कोणाचंच दुखलं नव्हतं.

त्यानंतर दर भांगाला मी टाकीत उतरत राहिले. सासऱ्यांनी हो म्हटलं नाही आणि अडवलंही नाही. काही महिन्यांनी शेजारच्या बोटवाल्याची सून दबक्या आवाजात म्हणाली, "आमची पन घासून देशील?"

"नाय," मी म्हणाले. "तुमच्या टाकीत तू उतर. आरडाओरडा करनाऱ्यांना मी बघते."

ती उतरली. तिचा सासरा माझ्या सासऱ्यांपेक्षा जास्त ओरडला, आणि मीही त्याला भरपूर ऐकवलं.