मान हलवली नाही

तो माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी उगाच चांगला वाटेन.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवे शिक्के आले होते, पाऊस मात्र आला नव्हता. मी नांदेडहून आलेला, चोविशीतला हंगामी कारकून. देवणीकडं एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हजेरीपट लिहायला बसवलेला. तिथं ते मुकादम होते. वयानं माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो. आता 'ते' लिहितोय. त्याचा त्यांना काही उपयोग नाही.

एका दुपारच्या सुट्टीत ते बाभळीखाली आले. "सर, मला इंग्रजी बोलायला शिकवता का?"

"का? मजुरांवर इंग्रजीत ओरडणार का?"

"न्हाई. दिल्लीचं पथक येनार हाय पाहणीला. मागल्या खेपेला मी म्हनलो, आमच्या वस्तीवर टँकर येत न्हाई, गावातच रिकामा होतो. साहेबांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं, लोक लई समाधानी हायत." मग म्हणाले, "ऐकलेलं सगळं कळतं, सर. बोलायला गेलं की तोंड मिटतं."

ते मॅट्रिक होते. वस्ती म्हणजे ओढ्यापलीकडची बौद्धवस्ती. तिथं टँकर जात नव्हता, कारण गाव जाऊ देत नव्हतं. आमच्या कामावरच्या साहेबांना हे माहीत होतं, मलाही. माझ्या घरची जमीन अशाच एका गावात आहे. हे कसं चालतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग शिकवायला का तयार झालो? दुपार जात नव्हती म्हणून. आणि एकाची फजिती बघायला मिळेल म्हणून.

चारच वाक्यं होती. त्यांनी स्वतः वहीत लिहून आणलेली, एकही चूक नसलेली. "सर, अवर वेल इज ड्राय," इथून सुरुवात. पहिल्या 'सर'लाच ते अडकायचे, मातीच्या पाट्या बाजूला ठेवून बसलेल्या बाया हसायच्या. मी म्हणालो, "कुणाकडं बघू नको. माझ्याकडं बघ. मी मान हलवली की बोल."

ही युक्ती लागू पडली. मान हलली की चारही वाक्यं सरळ यायची. मग मला त्याची चटक लागली. मुद्दाम मान हलवायला वेळ लावायचो. चाळिशीचा माणूस उन्हात, तोंड अर्धं उघडं ठेवून माझ्याकडं बघत उभा. बोलून झालं की त्यांना तहान लागायची. मी सुरईतलं पाणी वरून ओतायचो, ते ओंजळीनं प्यायचे. सुरई गावातल्या टँकरवर भरलेली असायची.

पथक यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला जीपपाशी बोलावलं. "मास्तरकी करून राहिला म्हणे तू? उद्या त्यानं तोंड उघडलं, तर परवा तू नांदेडला, घरी."

दुसऱ्या दिवशी साहेबांशेजारी मी हजेरीपट घेऊन उभा होतो. मुकादम धुतलेला सदरा घालून आले होते. दिल्लीचा एक पाहुणा नेमका त्यांच्यासमोर थांबला आणि त्यानं इंग्रजीत विचारलं, काही अडचण आहे का?

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हजेरीपटातली नावं वाचायला लागलो. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, माझ्याच हातची नावं. वर पाहिलं तेव्हा ते अजून माझ्याकडंच बघत होते, तोंड अर्धं उघडं.

"ही इज व्हेरी हॅपी, सर," साहेब म्हणाले. पाहुणा हसला आणि पुढं गेला.

जीप गेल्यावर ते माझ्यापाशी आले. "मान आखडली का, सर?"

"तुलाच बोलता आलं नाही." हेच वाक्य पुढं वीस वर्षं मी स्वतःलाही ऐकवत आलो.

"हाव," ते म्हणाले. "चूक माझीच. तुमच्याकडं बघितलं."

दुसऱ्या दुपारी ते बाभळीखाली आले ते मजुरांची हजेरी सांगायला. सोबत वही नव्हती. मी सुरई उचलली. त्यांनी ओंजळ पुढं केली नाही.

"ऱ्हाऊ द्या. तुम्हालाच लागंल."

टँकर पाऊस पडेपर्यंत गावातच रिकामा होत राहिला. मी पुढल्या वर्षी नोकरीत कायम झालो.